जखमी पक्ष्याला हातात घेण्याआधी: प्राणी श्वास कसा घेतात

कादवाकाठ (धागालेखक)

संक्रांतीला अजून आठवडा आहे, पण नाशिकला सिडको-पंचवटीच्या गच्च्यांवर पतंग दिसू लागलेत. येवल्याचं तर विचारायलाच नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि झाडांवर, तारांवर वर्षभर लटकत राहतो. घारी, पारवे, बगळे, घुबडं त्यात अडकतात. लोक धावून जातात, सोडवतात, घरी आणतात. त्या धावपळीत, अगदी मायेपोटी, तीन गोष्टी हमखास होतात. पक्ष्याला छातीशी घट्ट धरलं जातं, चोच उघडून पाणी ओतलं जातं, आणि मोडलेल्या पंखाची जखम नळाखाली धुतली जाते. तिन्हींमुळे पक्षी गुदमरू शकतो, आणि आपल्याला वाटतं तो जखमेने गेला.

मी निफाड तालुक्यात पशुवैद्यक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. "असं करू नका" एवढं सांगून भागत नाही हा माझा अनुभव. कारण कळलं तरच हात थांबतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आपल्या ओळखीची गाय घेऊ. नाकात हवा गरम होते, ओली होते, तिच्यातली बरीचशी धूळ तिथेच अडकते. पुढे घशात स्वरयंत्र. त्याच्या तोंडाशी एक झाकण असतं, घास गिळताना ते श्वासाची वाट झाकायला मदत करतं. तिथून श्वासनलिका. तिच्या कूर्चेच्या कड्या मागच्या बाजूला पूर्ण जुळलेल्या नसतात. मग फाटे, फाट्यांचे फाटे, आणि शेवटी वायुकोश. वायुकोशाची भिंत इतकी पातळ की पलीकडच्या केशवाहिनीतल्या रक्तात प्राणवायू सहज उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. माणसात असे वायुकोश कोट्यवधी असतात, सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. ही सगळी हवा आत ओढण्याचं काम छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल आणि बरगड्यांचे स्नायू करतात. फुप्फुस स्वतः काहीच ओढत नाही, छाती मोठी झाली की ते फुगतं.

यात एक अडचण आहे. हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने परत येते. आधीची वापरलेली हवा पूर्ण बाहेर पडतच नाही, नवी हवा तिच्यात मिसळते. गाय, कुत्रा, माणूस, सगळ्यांचं असंच.

पक्ष्याचं वेगळं. त्याची फुप्फुसं लहान, घट्ट आणि पाठीच्या बरगड्यांना चिकटलेली असतात, श्वासागणिक फुगत नाहीत. त्यांना जोडून पातळ पडद्याच्या वायुपिशव्या असतात, बहुतेक जातींत सात ते नऊ. मानेपासून पोटापर्यंत त्या पसरलेल्या असतात. या पिशव्यांत वायूंची देवाणघेवाण जवळजवळ होत नाही, त्या फक्त हवा ढकलतात. लोहाराचा भाता जसा स्वतः तापत नाही पण वारा निखाऱ्यावर नेतो, तसं यांचं काम. पक्षी श्वास आत घेतो तेव्हा बरीचशी ताजी हवा मागच्या पिशव्यांत जाते. श्वास सोडताना ती मागून फुप्फुसात शिरते. दुसऱ्यांदा श्वास घेताना फुप्फुसातली वापरलेली हवा पुढच्या पिशव्यांत येते, आणि दुसऱ्यांदा सोडताना बाहेर पडते. एका श्वासाची हवा शरीरातून पार व्हायला अशी दोन आवर्तनं लागतात. फुप्फुसातल्या बारीक समांतर नळ्यांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते, पक्षी श्वास घेत असो वा सोडत असो.

आता तिन्ही चुकांकडे येऊ.

पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नाही. छातीचं मोठं हाड खाली-पुढे हलतं, बरगड्या हलतात, तेव्हाच पिशव्या भरतात. ते हाड मुठीत दाबलं की श्वास बंद. नाक उघडं, चोच उघडी, तरी हवा आत जाणार नाही. लहान पक्षी तर काही क्षणांतच मरतो.

चोच उघडली की जिभेच्या बुडाशी एक चीर उघडझाप करताना दिसते. तीच श्वासनलिकेचं तोंड. तिच्यावर आपल्यासारखं झाकण नसतं. वरून ओतलेलं पाणी थेट तिच्यात उतरतं. धक्का बसलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या पक्ष्याला ती चीर वेळेवर मिटता येत नाही.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. वायुपिशव्यांचे फाटे हाडांत शिरतात. खांद्यापासून कोपरापर्यंतचं पंखाचं हाड बहुतेक उडणाऱ्या पक्ष्यांत पोकळ असतं आणि त्या पोकळीत श्वासाची हवा असते. हे हाड मोडून बाहेर आलं असेल तर जखमेतल्या रक्तात श्वासाबरोबर बुडबुडे येताना दिसतात. जॉन हंटर या ब्रिटिश शल्यविशारदाने १७७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवलं होतं की श्वासनलिका बंद केलेला पक्षी मोडलेल्या पंखाच्या हाडातून श्वास घेत राहू शकतो. प्रयोग क्रूर होता, पण निष्कर्ष आजही खरा आहे. त्या जखमेवर नळ सोडला तर पाणी हाडातून पिशवीत आणि तिथून फुप्फुसात पोचतं.

मग करायचं काय? मांजा ओढू नका, पक्ष्यापासून थोडं अंतर ठेवून दोन्ही बाजूंनी कापा. अंगावर सुती कापड टाकून पंख मिटलेल्या स्थितीत सैल धरा, छाती मोकळी राहू द्या. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेत ठेवा. पाणी, दूध, भात काही देऊ नका. रक्त वाहत असेल तर कोरड्या स्वच्छ कापडाने हलका दाब द्या. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बाकी तुमच्या शंका विचारा, गाय-म्हैस-कोंबडी-मासे काहीही चालेल.

मखमलाबादकर

वाचनखूण साठवली. हाडातून श्वास ही गोष्ट पहिल्यांदाच वाचली. एक शंका. हवा एकाच दिशेने वाहते म्हणता, म्हणजे मध्ये कुठेतरी झडपा असणार ना? हृदयात असतात तशा?

कादवाकाठ

नाहीत, आणि अभ्यासक यावर फार काळ अडले होते. कापून पाहिलं तर उघडझाप करणारी झडप कुठेच सापडत नाही. नळ्यांचे फाटे कोणत्या कोनात फुटतात, कुठे रुंद होतात, कुठे आकसतात आणि हवेचा वेग किती, यावर दिशा ठरते. आत जाणारी हवा वेगात असते, ती पुढे जाणाऱ्या फाट्यांच्या तोंडावरून सरळ मागे निघून जाते.

आणखी एक. २०१० साली ॲलिगेटर जातीच्या अमेरिकी मगरींच्या फुप्फुसातही हवा एकाच दिशेने वाहते हे सिद्ध झालं. नंतर घोरपडीच्या कुळातही तसंच दिसलं. या प्राण्यांना उडायचं नाही, धावतातही थोडं. त्यामुळे ही रचना उडण्यासाठीच तयार झाली हे जुनं मत आता डळमळीत झालं आहे. मला स्वतःला हा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात सुंदर शोध वाटतो.

गिधाडघाटी

उत्तम धागा. अंजनेरीला लांब चोचीची गिधाडं कड्यावरून उठून तासन् तास घिरट्या घालताना बघतो तेव्हा त्यांना दम कसा लागत नाही हा प्रश्न पडायचा. नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतात. एव्हरेस्टवरून उडतात म्हणे. हे सगळं या फुप्फुसामुळेच का?

पाणथळ

गिधाडघाटी, एव्हरेस्टबद्दल थोडं जपून. पट्टकादंबांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावून केलेल्या अभ्यासात सर्वांत जास्त उंची सुमारे ७,२९० मीटर नोंदली गेली, आणि बराचसा प्रवास त्याहून खाली, दऱ्याखोऱ्यांतून झाला. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. पण ७,००० मीटरही काही कमी नाही. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ४० टक्के उरतो. आपण तिथे चार पावलं टाकली की बसतो, हे पक्षी तिथे पंख मारत असतात.

फुप्फुसाचा वाटा आहेच. शिवाय त्यांचं हिमोग्लोबिन इतर हंसांपेक्षा प्राणवायू घट्ट पकडतं. प्रथिनाच्या साखळीत एका ठिकाणचा एक घटक बदललेला आहे, त्याचा यात मोठा वाटा. विरळ हवेतूनही रक्त बऱ्यापैकी भरून घेतं.

आणि हो, नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० च्या जानेवारीत ते जाहीर झालं. गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या त्या गाळात बसून पट्टकादंब बघताना हे रक्ताचं गणित डोक्यात असलं की बघण्याची गोडी वाढते.

कादवाकाठ

पाणथळ यांच्याशी सहमत. गिधाडांचं थोडं निराळं. ती घिरट्या घालताना पंख क्वचितच मारतात, गरम हवेच्या झोतावर तरंगतात, म्हणून प्राणवायू कमी लागतो. उंचीचा विक्रम मात्र गिधाडाचाच. १९७३ साली पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टवर आफ्रिकी रुपेल गिधाड सुमारे ११,३०० मीटरवर विमानाला धडकलं होतं. तिथे माणूस प्राणवायूच्या नळीशिवाय शुद्धीवर राहूच शकत नाही.

मोगरा

डॉक्टर, तुमचं वाचून काळजी वाटली म्हणून विचारते. आमच्याकडे लव्हबर्ड्सची जोडी आहे. पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय, तिथे ऊन येतं म्हणून. काही धोका आहे का?

कादवाकाठ

ताई, आजच हलवा. नॉनस्टिक भांडं रिकामं गॅसवर राहून फार तापलं की त्याच्या लेपातून वायू सुटतो. आपल्याला फार तर घसा खवखवल्यासारखं होतं, पिंजऱ्यातले पक्षी काही मिनिटांत मरतात. वर सांगितलं ना, त्यांच्या फुप्फुसात हवा सतत वाहते आणि रक्तापर्यंतचा पडदा आपल्याहून पातळ. जे प्राणवायू पटकन घेतं ते विषही पटकन घेतं. डासांची कॉइल, धूप, रंगकामाचा वास, फवारणीचे डबे, सगळ्यांपासून लांब. ऊन येणारी दुसरी खिडकी शोधा, देवघराजवळची नको.

मोगरा

हलवला. बाहेरच्या खोलीत ठेवला. मनापासून धन्यवाद.

लेअर_शेड

आमचं सिन्नर तालुक्यात अंड्यांच्या कोंबड्यांचं शेड आहे. एप्रिल-मेमध्ये अंड्यांची कवचं पातळ पडतात, तडकलेली अंडी वाढतात. खाद्यात कॅल्शियम वाढवलं तरी फरक पडत नाही. याचा श्वासाशी संबंध असतो असं एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, पण नीट कळलं नाही.

कादवाकाठ

संबंध थेट आहे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. उष्णता बाहेर टाकायला ती चोच उघडी ठेवून धापा टाकते, म्हणजे तोंड-घसा आणि श्वसनमार्गातलं पाणी वाफ होऊन जातं. पण धापा टाकताना कार्बन डायऑक्साइडही गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. आपल्याला तो टाकाऊ वायू वाटतो, कोंबडीला मात्र कवच करायला तो लागतो. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यातलं कार्बोनेट रक्तातल्या बायकार्बोनेटमधून येतं, आणि ते या वायूपासून बनतं. रक्तातला वायू घटला, रक्त अल्कधर्मी झालं, की बायकार्बोनेट कमी पडतं आणि कॅल्शियमही मोकळं उपलब्ध राहत नाही. त्यात उन्हाळ्यात कोंबडी खाते कमी.

म्हणून नुसतं कॅल्शियम वाढवून उपयोग होत नाही. आधी धाप कमी करा: छतावर गवत किंवा पांढरा चुना, पंखे, फॉगर, थंड पाणी, खाद्य पहाटे आणि संध्याकाळी. खाद्यातून किंवा पाण्यातून खाण्याचा सोडा देतात तो याचसाठी, प्रमाण मात्र तुमच्या पशुवैद्यांना विचारूनच.

आणखी एक, हिवाळ्याचं. थंडीत शेडचे पडदे पूर्ण बंद करता का? ओल्या लिटरमधून, म्हणजे कोंबड्यांखालच्या भुशाच्या थरातून, अमोनिया सुटतो. श्वासनलिकेच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते सतत हलत धूळ आणि जंतू वर ढकलतात. अमोनियाने ते लुळे पडतात. मग सीआरडी, राणीखेत अशा कोंबड्यांच्या श्वसनाच्या रोगांना रान मोकळं. शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरले तर प्रमाण आधीच हाताबाहेर गेलेलं असतं, वासाची वाट बघू नका. पडद्याचा वरचा वीतभर भाग उघडा ठेवा.

लेअर_शेड

पडदे पूर्ण बंदच ठेवतो. उद्यापासून बदल करतो. साहेब, हे कुणी असं उलगडून सांगत नाही.

बागायतदार_दिंडोरी

आमचा विषय द्राक्षाचा. मिलीबगवर (पिठ्या ढेकणावर) मिनरल ऑईल मारतो तेव्हा दुकानदार सांगतात, "किडीचा श्वास कोंडतो." किडीला नाक कुठं असतं? का नुसतं बोलायचं म्हणून बोलतात?

जीवशास्त्र_शिक्षिका

हे मी सांगते, रोजच शिकवते. दुकानदार बरोबर सांगतात. कीटकाला फुप्फुस नसतं. अंगाच्या दोन्ही बाजूंना श्वासरंध्रं असतात, झुरळाला अशा १० जोड्या असतात. तिथून नळ्या आत जातात, त्यांना फाटे फुटत फुटत शेवटचे टोक पेशीला टेकतं. हवा थेट स्नायूपर्यंत पोचते. म्हणून बहुतेक कीटकांच्या रक्ताला प्राणवायू वाहायचं कामच नसतं, आणि झुरळ चिरडलं तर लाल रक्त दिसत नाही. तेलाचा पातळ थर या रंध्रांवर बसला की हवा बंद.

मिलीबगच्या अंगावर मेणाचा पांढरा थर असतो, त्यामुळे मोठ्या किडीवर तेल किंवा दुसरं काहीही नीट पोचत नाही. नुकती बाहेर पडलेली, फिरणारी पिल्लं सापडली तर परिणाम चांगला होतो. बाकी द्राक्षाचं तुम्हाला जास्त कळतं.

बागायतदार_दिंडोरी

बाई, समजलं. म्हणजे खोडाची साल काढून फवारा का मारायचा तेपण समजलं. इतरांसाठी एक सांगतो, भुरीसाठी गंधक मारलेलं असेल तर त्याच्यावर लगेच तेल नको. पानं करपतात. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

मखमलाबादकर

एवढी सोपी रचना असेल तर कीटक बैलाएवढे का होत नाहीत?

जीवशास्त्र_शिक्षिका

एक कारण हेच असावं. नळ्यांतून हवा पसरत जायला मर्यादा आहे. शरीर मोठं झालं की नळ्यांनाच फार जागा लागते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी चतुराच्या कुळातला मेगान्यूरा होता, त्याचा पंखविस्तार ६५ सेंटिमीटरच्या आसपास. तेव्हा हवेत प्राणवायू आजच्या २१ टक्क्यांपेक्षा बराच जास्त होता. पण तेवढंच कारण होतं का, की त्या काळी त्यांना खाणारे पक्षी नव्हते हेही, यावर अजून वाद आहे. मी मुलांना दोन्ही बाजू सांगते.

बेडकाचंही सांगून टाकते, पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला हे प्रत्यक्ष बघता येतं. बेडकाला श्वासपटल नाही आणि छाती फुगवायला बरगड्याही नाहीत. तो तोंडाचा तळ खाली-वर करून हवा फुप्फुसात ढकलतो, आपण ओढतो त्याच्या उलट. हनुवटीखालची कातडी सतत हलताना दिसते ती हीच. शिवाय ओल्या त्वचेतून बराच श्वास चालतो. मार्चेल्लो मालपिघीने १६६१ साली बेडकाच्याच फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या. रक्त धमनीतून शिरेत जातं कसं, हा तोवर अडलेला प्रश्न तिथे सुटला.

शेततळं_चांदवड

आमच्या शेततळ्यात कटला-रोहू सोडलेत. ढगाळ दिवसांत पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून गपगप करतात. ऊन आलं की खाली जातात. एकदा सकाळी गेलो तर पांढरी पोटं वर. पाण्यात कुणी औषध टाकलं का अशी शंका घरच्यांना होती. मला वाटतं हा श्वासाचाच मामला असावा.

पाणथळ

तुमचा अंदाज बरोबर वाटतो. एक लिटर हवेत २०० मिलिलिटरच्या वर प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात, पाणी चांगलं असलं तरी, जेमतेम ६-७ मिलिलिटर. वर पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड, म्हणजे ते कल्ल्यांवरून ढकलायलाच मेहनत. मासा तोंडाने पाणी घेतो, कल्ल्यांवरून बाहेर सोडतो. कल्ल्यांच्या बारीक पापुद्र्यांत रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं. त्यामुळे रक्त जसजसं भरत जातं तसतसं त्याला अधिकाधिक ताजं पाणी भेटतं. अनुकूल परिस्थितीत मासा पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत प्राणवायू काढून घेतो. यापेक्षा जास्त त्याच्या हातात काही नाही.

आता तळं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं. रात्री शेवाळही श्वास घेतं, मासेही, तळाचा गाळही. म्हणून पहाट ही सगळ्यात वाईट वेळ. आदल्या दिवशी ढग असले तर साठाच कमी. हिरवंगार पाणी, जास्त खाद्य, जास्त मासे, सगळं मिळून पहाटे संपतं. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ठीक, ३ च्या खाली मासे त्रासतात. गोदावरीत पाणवेली माजतात तेव्हा मासे मरतात त्यामागेही हेच एक कारण असतं.

शेततळं_चांदवड

उपाय?

पाणथळ

ढगाळ दिवशी खाद्य बंद. मध्यरात्रीनंतर मोटर लावून तेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात सोडा, एरेटर असेल तर उत्तमच. शक्य असेल तर थोडं ताजं पाणी. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या खोल तळ्यात तळाचा गाळ साचू देऊ नका. आणि मासे विरळ ठेवा, हे कुणालाच आवडत नाही पण खरं आहे. तुमच्याच तळ्यात मरळ असती तर ती वाचली असती. तिला डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घ्यायची वेगळी जागा असते. मोठी मरळ तर वर येऊन हवा घेऊ दिली नाही तर पाण्यातच गुदमरते.

सायखेडा_फाटा

राम राम डॉक्टर. सगळं वाचलं. आमच्या जित्राबांचं सांगा. गाईला तेल पाजताना ठसका लागला, दोन दिवसांनी ताप, नाकातून घाण वास, आणि गाय गेली, असं आमच्या गल्लीत झालं. पाजणारा माणूस जाणता होता.

कादवाकाठ

राम राम दादा. हे मी नोकरीत इतक्या वेळा पाहिलं की यावर वेगळा धागा काढायला हवा. तेल फुप्फुसात गेलं. पाजताना माणूस गाईचं तोंड आभाळाकडे करतो आणि जीभ बाहेर ओढून धरतो. जीभ ओढली की गाईला गिळता येत नाही, मान ताणली की श्वासनलिका सरळ रेषेत येते. बांबूच्या नळकांड्यातून एकदम ओतलेलं तेल कुठे जाणार? त्यात तेल गुळगुळीत असल्याने पाण्याइतका जोराचा खोकला येईलच असं नाही, माणसाला वाटतं व्यवस्थित गेलं. दोन-तीन दिवसांत तिथे कुज सुरू होते. अशा न्यूमोनियातून गाय क्वचितच वाचते.

पाजायचंच असेल तर नाकपुडी डोळ्यांच्या रेषेच्या वर नेऊ नका. जिभेला हात लावू नका. गालफडाच्या कोपऱ्यातून घोट घोट, गिळल्यावर पुढचा घोट. खोकली की तोंड सोडून मान खाली करू द्या. आणि जनावर आडवं पडलं असेल, मिल्क फीवरची (व्यायल्यावर कॅल्शियम घटून येणाऱ्या आजाराची) शंका असेल, तर तोंडावाटे काही नाही. गिळायचे स्नायूच ढिले झालेले असतात.

सायखेडा_फाटा

आणि पोटफुगी? त्यातपण जनावर धापा टाकतं. मग तो छातीचा आजार की पोटाचा?

कादवाकाठ

आजार पोटाचा, मरण श्वासाचं. मोठ्या गाईच्या कोठ्यात शंभर लिटरच्या वर माल मावतो आणि तासाला कितीतरी लिटर वायू तयार होतो. तो ढेकरेने जातो. कोवळा ओला लसूणघास भरपूर खाल्ला की फेस होतो आणि ढेकर अडते. किंवा कोबीचा गड्डा, बटाटा अन्ननलिकेत अडकतो. कोठा फुगून श्वासपटलावर दाबतो, फुप्फुसाला पसरायला जागाच राहत नाही. डावी भूक (बरगड्यांमागचा खळगा) ढोलासारखी फुगलेली, जीभ बाहेर, मान लांब, अशी गाय दिसली तर वाट बघू नका. पुढचे पाय उंचावर येतील अशी उभी करा आणि पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ क्रमांकावर फोन लावा. भुकेत नळी खुपसून वायू काढण्याचं काम डॉक्टरांचंच.

उलटंही लक्षात ठेवा. घशाखाली सूज, खूप ताप, घर्रघर्र आवाज असेल तर तो घटसर्प. तिथे हवा वरच अडते. काही तासांत जनावर जातं, म्हणून पावसाळ्याआधी लस टोचून घ्यायची. निवांत उभ्या मोठ्या गाईचे श्वास मिनिटाला साधारण १० ते ३० असतात. भुकेची हालचाल मोजायची सवय लावा, याला पैसे पडत नाहीत.

बागायतदार_दिंडोरी

डॉक्टर, एक राहिलं. भाव पडले की लोक कांदा जनावरांपुढं टाकतात. आमच्याकडं एका म्हशीला लाल लघवी झाली, धाप लागली. छाती तपासली तर स्वच्छ. कांद्यानं धाप लागते का?

कादवाकाठ

लागते, आणि लासलगावच्या पट्ट्यात हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांनी तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन बिघडतं, पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो, ती लाल किंवा कॉफीच्या रंगाची होते. फुप्फुस ठणठणीत, हवा भरपूर, पण ती वाहून न्यायला रक्तच उरत नाही. म्हणून धाप. डोळ्याची आतली त्वचा खाली ओढून बघा, पांढरी फटक दिसेल.

हे पहिल्या दिवशी कळत नाही, काही दिवस सतत खाल्ल्यावर दिसतं. गाई-म्हशी याला फार नाजूक, शेळ्या-मेंढ्या त्या मानाने सहन करतात. कांदा घालायचाच तर सुक्या चाऱ्याच्या हिशेबाने एकूण आहाराच्या २५ टक्क्यांच्या आत, तोही चाऱ्यात मिसळून, हळूहळू वाढवत. सडलेला, कोंब आलेला ढीग समोर ओतून मोकळं व्हायचं नाही. गाभण जनावराला मी तर देऊच नका म्हणेन. त्या म्हशीचा कांदा आधी पूर्ण बंद करा, उन्हात चालवू नका, गोठ्यात शांत बांधा, आणि उद्या सकाळी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिनचा आकडा आला की इथेच टाका, पुढचं बघू.